कारखाना वर्गात आणायचा तर अख्खा आणा

मागणी साधारण अशी मांडली जाते. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा कारखान्यात टिकत नाही. आठ तास उभे राहायची त्याला सवय नसते, उत्पादनाचा दाब त्याने कधी सोसलेला नसतो, सुपरवायझर चढ्या आवाजात बोलला की दुसऱ्या दिवशी तो गेटवर दिसत नाही. म्हणून कारखान्यातली खरी परिस्थिती आयटीआयमध्येच आणा. पाळ्या लावा, पंचिंग लावा, रोजचे टार्गेट द्या, माल नापास झाला तर भरपाई घ्या. दोन वर्षांत मुलगा तयार होईल. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या मेळाव्याला जा. कोणीतरी उठून हे बोलतो आणि टाळ्या पडतात. आता तर कौशल्य विभागातले अधिकारीही हीच भाषा बोलू लागले आहेत.

या मागणीला माझा विरोध आहे. जोडारीच्या कार्यशाळेत मी शिल्प निदेशक म्हणून काम केले आहे, आणि मुलांना कारखान्याचा वारा लागू देऊ नका असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. कारखाना वर्गात यायलाच हवा. पण ही मागणी करणाऱ्यांना त्यातला एकच तुकडा आत हवा आहे: हुकूम, वेग आणि दंड. पगारपत्रक, अपघाताची नोंदवही, कामाच्या तासांचा कायदा, यंत्रावरचा गार्ड, कंत्राटदाराचा हिशेब हा सगळा उरलेला कारखाना त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही. अर्ध्याच परिस्थितीला खरी परिस्थिती म्हणून मुलांपुढे ठेवणे म्हणजे त्यांना चुकीची माहिती देणे आहे.

आणि हा वाद आता परिसंवादापुरता राहिलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये १,००० शासकीय आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑक्टोबरात ती पीएम-सेतू या नावाने सुरू झाली. त्यात केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी आणि उद्योगांचे १०,००० कोटी अशी विभागणी आहे, आणि संस्थांच्या कारभारात उद्योगांना पुढाकार दिला आहे. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी सार्वजनिक-खासगी भागीदारीचे धोरण आणले. किमान १० कोटी रुपये देणाऱ्या भागीदाराला १० वर्षे आणि २० कोटी देणाऱ्याला २० वर्षे संस्था दत्तक घेता येते. राज्यात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत. केंद्राच्या योजनेत दर सहा रुपयांतले पाच रुपये लोकांच्या करातून येणार आहेत. तेव्हा कार्यशाळेत कोणती शिस्त लागेल हे ठरवताना लोकांनाही बोलायचा अधिकार आहे.

आधी समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करतो. आमच्या कार्यशाळांची अवस्था वाईट आहे. कित्येक ठिकाणी लेथ जुने आहेत, त्यांच्या स्लाइडमध्ये इतका खेळ आहे की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची गोष्ट करण्यात अर्थ उरत नाही. कच्चा माल वेळेवर येत नाही. निदेशकांची पदे रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर आलेला माणूस दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेकडे जायच्या घाईत असतो. मुलगा एमएसच्या तुकड्यावर फाईल घासतो, मार्किंग करतो, हॅकसॉने कापतो, चौकोनात चौकोन बसवतो. गुण मिळाले की तो जॉब भंगारात जातो. कोणाच्याही उपयोगी न पडणारी वस्तू दोन वर्षे बनवत राहिलेल्या मुलाच्या मनात कामाविषयी आदर कसा रुजावा? कारखानदार या मुद्द्यावर रागावतात तेव्हा त्यांचा राग रास्त असतो. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती मिळाली, तरी ही तक्रार मिटली नाही. आता पुन्हा तेच औषध वाढीव मात्रेत द्यायचे ठरले आहे. मग पहिल्या वेळी समित्यांवर बसलेल्या उद्योजकांनी काय केले, हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा.

आता टार्गेटकडे येतो, कारण सगळ्या मागणीचे मूळ तिथे आहे.

पॉवर प्रेस हे यंत्र घेऊ. पत्रा कापायला, वाकवायला, भोके पाडायला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत ते सर्रास असते. जुन्या बनावटीच्या प्रेसमध्ये पिन-क्लच किंवा की-क्लच असतो. पेडल दाबले की क्लच फ्लायव्हीलला पकडतो आणि रॅम पूर्ण फेरा घेऊनच थांबतो. मधेच तो अडवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसला लाईट कर्टन, म्हणजे हात ओळखणारा सेन्सरचा पडदा, बसवून काही साधत नाही. हात आत गेल्याचे सेन्सरला समजले तरी रॅम खाली येणारच. तिथे हात डायपर्यंत पोहोचूच शकणार नाही असा पक्का गार्ड लागतो. नव्या प्रेसमध्ये घर्षण-क्लच आणि ब्रेक असतो. तो स्ट्रोकच्या मध्ये थांबतो, म्हणून त्यावर सेन्सर आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणे खरोखर कामाची ठरतात. ज्या मुलाला हा फरक शिकवला आहे, तो नव्या कारखान्यात प्रेससमोर उभा राहिल्यावर आधी क्लच कोणता ते विचारेल. बोट वाचवणारा प्रश्न तोच आहे.

रोजच्या कामात काय घडते? गार्ड लावला की नग आत ठेवायला आणि काढायला जास्त वेळ लागतो, तासाला निघणारे नग कमी होतात आणि टार्गेट तर नगांवर असते. मग गार्ड खोलून भिंतीला टेकवला जातो. दोन बटणांपैकी एकाला चिकटपट्टी लावून ते कायमचे दाबून ठेवतात. चिमटा बाजूला पडतो, हाताने काम सुरू होते. एखादा तुकडा डायमध्ये अडकतो, तो काढायला बोटे आत जातात आणि पाय सवयीने पेडलवरच असतो. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल प्रसिद्ध करते. मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमी कामगारांच्या नोंदींवर ते आधारलेले आहेत, सुरुवात हरियाणातून झाली आणि पुढे महाराष्ट्रही त्यांत आला. पॉवर प्रेस हे बोटे तुटण्याचे मोठे कारण आहे आणि अनेक प्रेसवर सुरक्षेची साधने नसतात, हे त्या अहवालांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला शिकतानाच नगांचे टार्गेट लावले, तर तो सर्वांत आधी गार्ड काढायला शिकेल. त्याला तसे कोणी सांगावे लागणार नाही, आकडाच ते शिकवतो. मशीन पूर्ण थांबल्याखेरीज हात घालायचा नाही, हा आमच्या कार्यशाळेतला पहिला नियम. तो ऐकायला क्षणभर लागतो आणि अंगवळणी पडायला महिने लागतात. मुलाच्या हातून पुन्हा पुन्हा तशी कृती व्हावी लागते, निदेशकाने पुन्हा पुन्हा मशीन बंद करून उभे राहावे लागते. एकदा सवय पक्की झाली की कारखान्यात कोणी घाई केली तरी हात आपोआप मागे येतो. त्या सवयीला वेळ देणे हे शाळेचे काम आहे आणि तो वेळ द्यायला कारखान्याला परवडत नाही. जे कारखान्याला परवडत नाही तेच देण्यासाठी तर समाज शाळा चालवतो.

शिक्षणाच्या बाजूनेही कारखान्यातला दाब मुलाला फारसे काही देत नाही, हे कमी लोक बोलतात. सीएनसीच्या लाइनवर शिकाऊ उमेदवार काय करतो ते जाऊन पाहा. तो चकमध्ये नग बसवतो, दार लावतो, हिरवे बटण दाबतो, नग काढतो, गेजमध्ये घालून पाहतो आणि ट्रेमध्ये ठेवतो. याला तिथे लोडिंग-अनलोडिंग म्हणतात. पहिल्या आठवड्यात ते येते आणि वर्षअखेर तो तेच करत असतो. टूल बसवणे, ऑफसेट देणे, पहिला नग मोजून दुरुस्ती करणे, इन्सर्ट झिजल्याचे आवाजावरून ओळखणे, म्हणजे ज्या गोष्टींना कारागिरी म्हणावे त्या सेटरच्या हातात असतात. सेटर त्या शिकाऊला करू देत नाही. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. एक बोअर चुकला तर नग भंगारात जातो, टूल तुटले तर लाइन थांबते आणि जाब त्याला विचारला जातो. दाब जितका जास्त, तितके शिकाऊच्या वाट्याला हलके आणि एकसुरी काम. कार्यशाळेत तोच दाब आणला तर निदेशकही सेटरसारखाच वागेल. हुशार दोन मुलांकडून जॉब करून घेईल आणि बाकीच्यांना झाडू आणि कॉटन वेस्ट देईल. चूक करण्याची मोकळीक हे शिकणाऱ्याचे भांडवल आहे. बोअर मोठा झाला तर का झाला हे शोधायला अर्धा दिवस घालवता येणे, ही श्रीमंती त्याला पुढे आयुष्यभर मिळणार नाही.

मुले टिकत नाहीत, ती नाजूक आहेत, हा आरोप मला सर्वांत जास्त खुपतो. आयटीआयचा मुलगा कोण असतो? पहाटेच्या एसटीने तालुक्याला येणारा, सुट्टीत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीला जाणारा, रात्री हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर काम करून फी भरणारा. उन्हात दिवसभर उसाला पाणी पाजणाऱ्या मुलाला उभे राहायची सवय लावण्याच्या गोष्टी कोणी करू नयेत. तो कारखाना सोडतो तेव्हा हिशेब करून सोडतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या खोलीचे भाडे, मेसचे पैसे, गावी जायचा खर्च आणि हातात येणारे विद्यावेतन यांची बेरीज त्याने केलेली असते. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९ मधल्या नियमांनी आयटीआय उत्तीर्णासाठी महिन्याला किमान ७,००० रुपये ठरवले. त्यातही केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा पाव हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, सरकारच भरते. एवढ्या पैशांत शहराच्या कडेला राहून दाखवणे कोणाही प्रौढ माणसाला जमणार नाही. पोरगा घरी परत गेला तर त्याने परिस्थिती नीट वाचली असे मी म्हणेन. बारा तास नग चढवून पुढे कायम होण्याची आशा नसेल तर त्याने टिकायचे कशासाठी?

मुलींच्या बाबतीत तर ही मागणी विचाराच्या टप्प्यापर्यंतही पोहोचलेली नाही. टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन या ट्रेडमध्ये मुली येऊ लागल्या आहेत. त्यांच्यासाठी शॉपजवळ स्वच्छतागृह आहे का, दुसरी पाळी सुटल्यावर बस आहे का, तक्रार समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हीदेखील कामाच्या जागेची खरी परिस्थिती आहे. पाळ्या लावा म्हणणाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे आधी आपल्या गेटच्या आत द्यावीत.

आता कायदा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. त्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे, म्हणून कामगारांविषयीचे कायदे त्याला लागू नाहीत. कलम १४ मात्र आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांच्या तरतुदी कारखान्यातल्या शिकाऊला कामगाराइतक्याच लागू करते. कलम १६ दुखापतीची भरपाई मालकावर टाकते. जादा काम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय करून घेता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने रोजचे आणि आठवड्याचे तास ठरवायचे मालकावर सोडले आणि कायदा मोडणाऱ्या मालकाला असलेली तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. आयटीआयचा मुलगा शिकाऊ उमेदवारीच्या करारावर सही करतो, तेव्हा यांतले एक तरी कलम त्याला माहीत असते का? एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सच्या तासाला त्याला मुलाखतीत कसे बसावे, ईमेल कसा लिहावा, वक्तशीर कसे असावे हे शिकवले जाते. कराराची प्रत मागावी, बोट कापले तर त्याच दिवशी नोंद करवून घ्यावी, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा म्हणजे काय, कंत्राटदाराकडून आलेल्या कामगाराचा मुख्य मालक कोण, यावर एखादे पान असले तरी परीक्षेत त्याचे वजन नगण्य असते. खरी परिस्थिती शिकवायचीच असेल तर हे आधी शिकवा. फक्त हुकूम पाळायला शिकवायचे असेल, तर त्याला खरी परिस्थिती हे नाव देऊ नका.

शिकणे या नावाखाली काय काय खपले ते आपण पाहिलेच आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ साली नीम नावाची योजना आणली, शिका आणि कमवा या धर्तीची. पुण्याच्या पट्ट्यातल्या असंख्य कारखान्यांत त्या नावाखाली मुले लाइनवर उभी राहिली आणि कायम कामगारांच्या शेजारी तेच काम करू लागली. हे स्वस्त मनुष्यबळ आहे, प्रशिक्षण नाही, अशी तक्रार कामगार संघटना वर्षानुवर्षे करत होत्या. अखेर योजना गुंडाळली गेली. त्यातून गेलेल्या मुलांच्या हातात काय पडले, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

इथे कोणीतरी जर्मनीचे नाव काढतोच. दुहेरी प्रशिक्षण पद्धती, आठवड्यातले काही दिवस कारखाना आणि बाकी शाळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. मीही त्या पद्धतीचा आदर करतो, म्हणून तिच्यातले जे भाग इथे सांगितले जात नाहीत ते सांगतो. १९६९ चा जर्मन व्यवसाय प्रशिक्षण कायदा म्हणतो की शिकाऊला फक्त तीच कामे द्यायची जी त्याच्या शिक्षणाच्या हेतूला धरून आहेत आणि त्याच्या शारीरिक ताकदीला झेपतील अशी आहेत. १९७६ चा तरुण कामगार संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांना नगावर मजुरी असलेले आणि वेग वाढवून करून घेतले जाणारे काम देण्यास मनाई करतो. शिकवणाऱ्या कारागिराला कसे शिकवावे याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिकाऊ आपल्या कामाची नोंदवही लिहितो, प्रशिक्षक ती तपासतो आणि अंतिम परीक्षेला बसायला ती लागते. शाळेच्या दिवसाचे वेतन कापता येत नाही. मोठ्या आस्थापनांत तरुण कामगार आणि शिकाऊ आपले प्रतिनिधी निवडून देतात. म्हणजे आपले उद्योजक ज्या देशाचा दाखला देऊन टार्गेट मागतात, त्या देशात कोवळ्या वयाच्या शिकाऊला टार्गेट लावणे बेकायदेशीर आहे. तिथला कारखाना शाळेसारखा वागायला बांधलेला आहे. इथे शाळेने कारखान्यासारखे वागावे अशी मागणी आहे.

परिस्थिती आहे ती आहे, मुलांना तिच्यासाठी तयार करा, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो: कोणत्या वर्षाची परिस्थिती? १९४६ च्या आधी बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांचा होता. व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती आणली आणि तो ४८ तासांचा झाला. १९४५ साली एखाद्या शाळेने मुलांना ५४ तासांची सवय लावली असती, तर वर्षभरात तिचे शिक्षण शिळे झाले असते. पुढे भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले. डोळ्यासमोरचा धोका व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. आता उलट दिशेचे उदाहरण. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. कामाची परिस्थिती माणसे ठरवतात, माणसे बदलतात. कधी सुधारतात, कधी बिघडवतात. ती पावसासारखी आभाळातून पडत नाही. ज्या मुलाला ती नैसर्गिक म्हणून शिकवली जाते, तो तिच्याविषयी एक वाक्य बोलायलाही असमर्थ होतो. त्याला बोलता आले पाहिजे, यासाठी मी हे लिहितो आहे.

काम आणि शिक्षण एकत्र आणण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षाही धरली. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी तिथेच हरकती घेतल्या. झाकिर हुसेन समितीने कल्पना स्वीकारली, अभ्यासक्रम बांधला, आणि तरीही एक धोका स्पष्टपणे लिहून ठेवला: उत्पन्नाच्या बाजूवर भर दिला गेला तर शिक्षणाचा बळी जाईल. कामावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसांना हा धोका दिसला. आजच्या करारनाम्यांत त्याची दखल घेणारे एखादे कलम तरी असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आणि ज्यांना चालते उदाहरण हवे त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला जावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून दुष्काळी गावात आलेला हा माणूस खऱ्या कामातूनच शिकता येते या मताचा होता, आणि त्याने ते मत शाळेत उतरवले. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख या विषयात आठवी ते दहावीची मुले वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन आणि खाद्यप्रक्रिया शिकतात. ती जे बनवतात ते गावाला लागते: गेट, टाकी, रोपवाटिका, वीजजोडणी. गावकरी त्याचे पैसे देतो, म्हणून वेल्ड कच्चा राहिला तर तक्रारही करतो. खरा ग्राहक, खरा खर्च, खरे माप आणि खरी जबाबदारी यांतले काहीही तिथे वगळलेले नाही. आश्रमाचा भर दंडावर किंवा नगांच्या आकड्यावर कधी नव्हता, काम बिघडले की ते का बिघडले हाच पुढचा धडा होतो. इतकी वर्षे हा प्रयोग आपल्याच राज्यात उभा असताना आयटीआयच्या सुधारणांची चर्चा जर्मनीपासून सुरू व्हावी आणि पाबळपर्यंत येऊच नये, याचे मला दुःख होते.

मग कारखान्यातून काय आणावे? आधी निदेशकाला कारखान्यात पाठवा. दर दोन-तीन वर्षांनी काही आठवडे, पगारी, ट्रेडशी संबंधित ठिकाणी, लोडिंगला नव्हे तर सेटरच्या आणि देखभालवाल्याच्या बरोबर. ज्याने स्वतः हायड्रॉलिक पॉवर पॅकमधली गळती शोधली नाही, त्याने ती शिकवावी अशी अपेक्षा अन्यायाची आहे. भंगारात गेलेले नग कार्यशाळेत आणा. नापास झालेला खरा नग, त्याचे खरे ड्रॉइंग आणि तपासणीचा अहवाल समोर ठेवून मुलांना कारण शोधू द्या. बंद पडलेली यंत्रे आणा. अपघातांच्या नोंदी, नावे झाकून, आणा आणि प्रत्येक ट्रेडच्या मुलांना एकेक अपघात उलगडायला लावा: गार्ड कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून, टार्गेट किती होते, त्या दिवशी पाळी किती तास चालली होती. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण किंवा समूह प्रकल्प आहेच. ते तास सहीपुरते भरले जातात. त्यांची नोंदवही मुलाने लिहावी आणि निदेशकाने कारखान्यात जाऊन ती पडताळावी. आणि एक धडा असा हवा ज्यात मुलाला नाही म्हणायला शिकवले जाईल. गार्ड नसलेल्या प्रेसवर उभा राहणार नाही, हे वाक्य सुपरवायझरला आदराने पण ठामपणे कसे सांगायचे, कोणाला लेखी कळवायचे, सोबत कोणाला घ्यायचे, याची वर्गात तालीम झाली पाहिजे. वेल्डिंगच्या स्थितींइतकाच तो कौशल्याचा भाग आहे.

ज्या उद्योगाला संस्था दत्तक हवी आहे, त्याच्याशी होणाऱ्या करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रशिक्षणार्थ्याकडून विक्रीसाठी उत्पादन करून घेतले तर त्याचा हिशेब दर तिमाहीला संस्थेच्या फलकावर लागेल. अठरा वर्षांखालील कोणालाही नगांचे लक्ष्य दिले जाणार नाही. भागीदार कारखान्यातला शिकाऊ जखमी झाला तर त्याची माहिती चोवीस तासांत प्राचार्यांकडे येईल आणि प्राचार्य पालकांना कळवतील. भागीदाराच्या ज्या विभागात यंत्रांवर गार्ड नाहीत तिथे एकही मूल जाणार नाही, आणि ते पाहायला जाणाऱ्या शिल्प निदेशकाला गेटवर अडवता येणार नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस किती मुले कामावर राहिली, किती गेली आणि गेली ती का, हे त्या मुलांनाच विचारून लिहिले जाईल. अशा करारावर सही करायला तयार असलेला कारखाना माझ्या तालुक्यात आला, तर त्याला कार्यशाळेची किल्ली द्या असे सांगायला मी स्वतः प्राचार्यांकडे जाईन.